इस्पिक आणि चाड्यावरची मूठ

(मंठाळ इथल्या स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



परवाच येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, झाली. कडब्याची कोप, चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, मडक्यातली आंबील आणि भज्जी. अजून तुमच्या बोटांना ज्वारीच्या पानांचा वास असेल. अशा वेळी या गावात उभं राहून मी एका जपानी चित्रकथेतल्या किरकोळ खलपुरुषाबद्दल बोलणार आहे. पत्रिकेवर विषय वाचून काही जणांनी संयोजकांना फोन केले, हे मला कळलं आहे. विषय चुकून छापलेला नाही. आमच्या शाळेतल्या गुरुजींच्या नावानं चाललेल्या मालेत हाच विषय घ्यावा असं मला मनापासून वाटलं, आणि का वाटलं ते गुरुजींपासूनच सांगतो.

आम्ही सहावीत असताना वर्गात बाकाखाली भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचत होतो. गुरुजींनी पुस्तक काढून घेतलं. आता छड्या बसणार म्हणून मी हात पुढं केला, तर त्यांनी पुस्तक पिशवीत टाकलं आणि घरी नेलं. दुसऱ्या दिवशी ते वाचून परत आणलं आणि मला उभं करून विचारलं, "यातला वाईट माणूस कोण?" मी नाव सांगितलं. "वाईट का?" मी म्हणालो, दिसायला भेसूर आहे, डोळे वटारतो, मोठ्यानं हसतो. गुरुजी म्हणाले, "दिसतो कसा ते नको सांगू. त्यानं नेमकं केलं काय, ते सांग." मला चटकन सांगता येईना. तो प्रश्न त्यांनी पुढं चार वर्षं प्रत्येक धड्याला विचारला. दुर्योधन वाईट का? नेमकं केलं काय? आज मी तोच प्रश्न एका पात्राला लावून बघणार आहे.

माझा भाचा कलबुर्गीला इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीला आला तेव्हा रात्रभर मोबाईलवर काहीतरी वाचत बसलेला. काय वाचतोस म्हणून विचारलं तर म्हणाला, "मामा, तुम्हाला नाही झेपायचं. लई मारामारी हाय." मी गुरुजींचा विद्यार्थी, मी मोबाईल घेतला आणि वाचायला बसलो. पहिल्या दहा-वीस पानांत इतकी माणसं मेली की मला खरंच झेपेना. पण दुसऱ्या प्रकरणाशी येऊन मी थांबलो, आणि पुढचं वाचूनही मन अजून तिथून हललेलं नाही.

त्या चित्रकथेचं नाव 'होकुतो नो केन'. लेखक बुरॉन्सन, चित्रकार तेत्सुओ हारा. 'शूकान शोनेन जम्प' नावाच्या साप्ताहिकात १९८३ साली ती सुरू झाली आणि १९८८ पर्यंत दर आठवड्याला चालली. सगळी मिळून २४५ प्रकरणं झाली, २७ खंड निघाले, आणि दहा कोटींवर प्रती खपल्या. जपानीत चित्रकथेला 'मांगा' म्हणतात. आपल्याकडं चित्रकथा म्हटलं की ती लहान मुलांची असं आपण धरून चालतो. तिकडं शाळकरी मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकासाठी वेगळा मांगा असतो.

कथेचा काळ एकोणीसशे नव्वदनंतरचा कुठलासा. अणुयुद्ध होऊन गेलंय. समुद्र आटलेत, जमीन भेगाळलीय, शहरांचे सांगाडे उभे आहेत. माणूस मात्र उरलाय. नोटांना किंमत राहिलेली नाही. किंमत आहे ती पाण्याला आणि दाण्याला. या उजाड मुलखात टोळ्या फिरतात. डोक्याच्या मधोमध केसांचा तुरा, अंगावर चामडं आणि लोखंड, खाली मोटारसायकली. 'मॅड मॅक्स' या ऑस्ट्रेलियन सिनेमांची ही छाया आहे आणि ती कुणी लपवलेली नाही. नायक केन्शिरो हा एका जुन्या प्राणघातक विद्येचा वारस. शरीरावरच्या गुप्त जागांवर बोट टेकवून तो माणूस संपवतो. त्याच्या विद्येत अशा ७०८ जागा सांगितल्या आहेत. सुश्रुतानं आपल्याकडं १०७ मर्मं मोजली होती, पण ती वैद्यानं जपावीत म्हणून.

टोळ्यांतल्या या माणसांसाठी जपानी वाचकांचा एक शब्द आहे, 'झाको'. मूळ अर्थ किरकोळ मासळी. जाळ्यात मोठ्या माशाबरोबर जी बारीकसारीक येते, जिला वेगळा भाव नसतो, ती. कथेत शेकडो झाको येतात, आरडाओरडा करतात, दोन पानांत मरतात. मला त्यातल्याच एकाबद्दल बोलायचं आहे.

त्याचं नाव स्पेड. शिन नावाच्या एका बलाढ्य शत्रूनं आपल्या टोळीला पत्त्यांची नावं दिली आहेत. तो स्वतः राजा, आणि त्याच्या हाताखाली चार सरदार: स्पेड, डायमंड, क्लब, हार्ट. आपल्या भाषेत इस्पिक, चौकट, किलवर, बदाम. मी त्याला इस्पिकच म्हणतो. या चौघांतही इस्पिक असा काही मोठा नाही. एका प्रकरणात येतो आणि त्यातच संपतो. पुढं राजे येतात, सम्राट येतात, नायकाचे भाऊबंद शत्रू होऊन येतात. इतक्या गर्दीत इस्पिकची आठवण कुणाला राहावी?

पण त्या प्रकरणात एक म्हातारा आहे. मिसुमी त्याचं नाव. तो एकटाच वाळवंटातून आपल्या गावाकडं निघालाय आणि त्याच्याजवळ एक पिशवी आहे. पिशवीत साळीचं बी. इस्पिकची माणसं त्याला गाठतात. केन्शिरो मधे पडतो. इस्पिक त्याच्यावर बाण सोडतो, तो बाण केन्शिरो दोन बोटांत झेलतो आणि परत फिरवतो, आणि इस्पिकचा एक डोळा जातो. म्हातारा वाचतो. मग तो केन्शिरोला समजावून सांगतो की हे खायचं धान्य नाही, हे पेरायचं आहे. यातून साळ येईल, साळीतून पुन्हा बी येईल, आणि मग माणसांना घासासाठी एकमेकांचे गळे धरावे लागणार नाहीत. आजच्यापेक्षा उद्या मोलाचा, असं त्याचं म्हणणं. इतक्या रक्तात न्हालेल्या त्या पुस्तकात हे बोलणं आलं तेव्हा मला कोपीत बसलेल्या आमच्या आज्याचा आवाज ऐकू आला.

पुढं इस्पिक सूड घ्यायला म्हाताऱ्याच्या गावात येतो. केन्शिरोला म्हाताऱ्याला वाचवता येत नाही. त्यानंतर इस्पिकचं जे होतं ते तुम्ही ओळखलंच असेल. त्या मरणाची चित्रं मी इथं शब्दांत काढणार नाही.

आता गुरुजींचा प्रश्न. इस्पिक वाईट का? नेमकं केलं काय त्यानं? एक म्हातारा मारला, हे उत्तर पुरत नाही. त्या पुस्तकात पानोपानी माणसं मरतात आणि सगळ्यात जास्त माणसं खुद्द नायकानं मारलेली आहेत. इस्पिकनं केलं ते असं, की त्याच्यासमोर बियाणं आलं आणि त्याला ते बियाणं म्हणून दिसलंच नाही.

इथं मला आमच्या घरची एक गोष्ट सांगायची आहे. निजामी राजवटीची अखेर होती, १७ सप्टेंबर १९४८ च्या आदलं वर्ष-दीड वर्ष. लेव्हीचे दिवस. धान्य सरकारजमा करायचं फर्मान, आणि वसुलीची माणसं गावोगाव फिरायची. घरात शिरून लोखंडी सळईनं जमीन ठोकत जायची. जिथं आवाज पोकळ येईल तिथं पेव. आमचं पेव त्यांना सापडलं. ज्वारी निघाली, पोत्यांत भरली. आजी चुलीजवळ बसून होती. चुलीमागच्या भिंतीत एक कोनाडा होता, त्यात गाडगं ठेवून वरून शेणमातीनं लिंपलेलं. गाडग्यात पिवळ्या ज्वारीचं बी, राखेत घोळलेलं, वर लिंबाचा पाला. दोन पायल्या असेल. लिंपण अजून ओलं होतं, म्हणून एका जवानाच्या ध्यानात आलं. पोरसवदा होता, पायात जोडा नव्हता, एवढं आजीला शेवटपर्यंत आठवत होतं. त्यानं लिंपण फोडलं, गाडग्यात हात घातला आणि मूठ भरून बाहेर काढली. मुठीतून राख गळायला लागली. त्यानं आजीकडं बघून दखनीत विचारलं, "बीज है?" आजीनं मान हलवली. त्यानं मूठ पुन्हा गाडग्यात रिकामी केली, हात सदऱ्याला पुसला आणि बाहेर गेला. जाताना ओट्यावरची पितळी घागर मात्र उचलून नेली.

आजी ही गोष्ट सांगताना त्याला शिव्याच द्यायची, घागर तिच्या माहेरची होती म्हणून. शिव्या देऊन झाल्या की मग थोडा वेळ गप्प बसायची आणि म्हणायची, "पर हात माघारी घेटला बघ." तो चोर होता, आणि तरी मुठीत काय आहे ते त्याला राखेवरून कळलं. बहुधा त्याच्या आईनंही कुठंतरी असंच गाडगं लिंपलं असणार.

राखेत घोळलेलं धान्य कुणी खायला ठेवत नाही, हे या मुलखातल्या लेकराला शिकवावं लागत नाही. आपल्या बोलीत दाणा आणि बी हे दोन शब्द आहेत. वस्तू तीच, कणसातून एकाच दिवशी निघालेली. पण खळ्यावर आजी टपोरी, भरलेली, एकसारखी कणसं हातानं निवडून बाजूला काढायची, आणि त्या घडीपासून त्याचं नाव बदलायचं. बी घरात असताना पोरं उपाशी झोपलेली आहेत. बाहत्तरच्या दुष्काळात सुकडी खाऊन, खडी फोडून लोकांनी दिवस काढले, आणि त्या दिवसांतही गाडग्याला हात न लावलेली घरं या गावात होती. ज्वारीच्या एका चांगल्या कणसात दीड-दोन हजार दाणे सहज असतात. एका दाण्याचं एक कणीस धरलं, तर मूठभर बियात पुढच्या साली किती माणसांचं पोट आहे ते ज्याचं त्यानं मोजावं. इस्पिकला ही मोजणी येत नव्हती. त्याला मूठ दिसली ती एका घासाची.

शिवाय मला त्याच्या भुकेबद्दलही शंका आहे. पहिल्यांदा तो म्हाताऱ्याला अडवतो ते लुटीसाठी, हे मान्य. दुसऱ्यांदा येतो ते डोळ्यासाठी. त्याच्या माणसांदेखत त्याची फजिती झाली आणि ज्यानं फजिती केली त्याच्यापर्यंत त्याचा हात पोचत नाही. म्हणून तो त्या माणसाच्या आसऱ्याला आलेल्या म्हाताऱ्याकडं वळतो. वरून मार खाल्लेला माणूस खाली हात उगारतो, हे आपण घराघरात, कचेरीत, शेताच्या बांधावर बघतो. बुरॉन्सन आणि हारा यांनी ते एका डोळ्यावरच्या पट्टीत दाखवलं. मोठा खलनायक एखाद्या कल्पनेपायी वाईट होतो, राज्यापायी होतो, प्रेमापायीही होतो. या कथेतला शिन प्रेमापायीच झालेला आहे. इस्पिकपाशी असं सांगण्यासारखं काही नाही. झोंबलेला अपमान आहे आणि हाताखाली चार माणसं आहेत.

जपानच्या इतिहासात मिसुमीच्या आधी एक म्हातारा होऊन गेलाय. लेखकानं त्याच्यावरूनच मिसुमी रचला असं मी म्हणत नाही, पण मला मिसुमीच्या मागे तोच उभा दिसतो. १७३२ साली पश्चिम जपानात किडीनं भाताची शेती फस्त केली, मोठा दुष्काळ पडला. शिकोकू बेटावर, आजच्या एहिमे प्रांतात, साकुबेई नावाचा एक गरीब शेतकरी होता. घरात जव-गव्हाच्या बियाची एक थैली होती. लोकांनी त्याला सांगितलं, खा आणि जीव वाचव. त्यानं खाल्लं नाही. मी खाल्लं तर मी काही दिवस जगेन, पेरलं तर पुढं कितीतरी जण जगतील, असा त्याचा हिशोब होता. बियाची थैली उशाला घेऊन तो मेला. बी पेरलं गेलं. लोक त्याला 'गिनो' साकुबेई म्हणतात, म्हणजे धर्मानं वागलेला शेतकरी, आणि मासाकी गावात त्याचं देऊळ आहे. साकुबेईच्या गोष्टीत इस्पिक नाही. तिथं दुष्काळ पुरेसा होता. जपानी मांगाकारांनी अडीचशे वर्षांनी तीच थैली पुन्हा एका म्हाताऱ्याच्या हातात दिली आणि या खेपेला दुष्काळाला माणसाचं तोंड दिलं.

या लेखकांशी माझं एक भांडणही आहे. इस्पिक कुठून आला? युद्धाआधी तो कोण होता? अणुबाँब पडण्याच्या आदल्या दिवशी हा माणूस काय करत होता, एखाद्या गावात त्याच्या बापाची साळीची खाचरं होती का, याबद्दल एक चौकट नाही. झाकोला भूतकाळ द्यायचा नाही हा त्या कथेचा नियमच आहे, कारण भूतकाळ दिला की त्याला दोन पानांत मारताना वाचकाचा हात अडखळेल. आजीच्या गोष्टीतल्या त्या अनवाणी पोराला त्या पुस्तकात जागा मिळाली नसती.

दुसऱ्या एका चित्रकथेत मात्र किरकोळ गुंडाला अशी जागा मिळालेली आहे. कात्सुहिरो ओतोमोचा 'अकिरा' १९८२ ते १९९० या काळात आला, तोही तितकाच हिंसक आणि तोही उद्ध्वस्त तोक्योचा. त्यात क्लाउन नावाच्या मोटारसायकल टोळीचा म्होरक्या आहे, जोकर. विदूषकासारखा रंगवलेला चेहरा, धिप्पाड देह, सुरुवातीला निव्वळ गुंड. १९८८ च्या सिनेमात तो तेवढाच राहतो. पण मूळ चित्रकथा दोन हजारांवर पानांची, तिथं ओतोमोला घाई नव्हती. शहर दुसऱ्यांदा कोसळल्यावर हाच जोकर पुन्हा भेटतो, भंगारातून गाड्या जुळवतो आणि ज्याच्याशी रस्त्यावर मारामाऱ्या केल्या त्या कानेदाच्या बाजूनं उभा राहतो. कुणी त्याला उपदेश केलेला नाही. त्याच्या हाताला काम सापडलं, एवढंच. इस्पिकला असं काम सापडलं असतं का, हा विचार मला सुटत नाही.

आपल्याकडं खलनायक म्हटलं की निळू फुले आठवतात. १९७५ च्या 'सामना'तला हिंदुराव धोंडे पाटील बघून आलेली माणसं त्यांना खरोखरीचा पाटील समजायची, बाया त्यांच्या नावानं बोटं मोडायच्या. प्रत्यक्षात तो सेवादलातला साधा, समाजासाठी झटणारा माणूस. त्यांनी खलपुरुषाला इतकं खरं केलं की आपलं सगळं लक्ष वाड्यावरच्या पाटलाकडं लागलं. वाड्याबाहेर उभी असणारी, निरोप घेऊन जाणारी, रात्री कुणाच्या तरी मागावर पाठवली जाणारी माणसं आपण बघितलीच नाहीत. महात्मा फुल्यांनी ती बघितली होती. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ सालचा. त्यात गव्हर्नर आहे, राणी आहे, पण फुल्यांचा शेतकरी रोज भेटतो तो कारकुनाला, कुलकर्ण्याला, पाटबंधाऱ्याच्या शिपायाला. एक एक पै कुठं आणि कुणाच्या हातात जाते, ते त्यांनी बारकाईनं लिहिलंय. नेमकं केलं काय, या प्रश्नाचं इतकं तपशीलवार उत्तर मराठीत दुसऱ्या कुणी दिलं असेल असं मला वाटत नाही.

आणि आजचा इस्पिक मोटारसायकलवरून बाण मारत येत नाही. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मिरगाचा पाऊस चांगला झाला, माझ्या चुलतभावानं पाच एकर सोयाबीन पेरलं. पिशव्या देखण्या, शिक्का, खूणचिठ्ठी, सगळं होतं. सहाव्या दिवशी आम्ही शेतात गेलो. वापसा चांगला होता, आणि तासांत मधूनच एखादा कोंब. भावानं एके ठिकाणी बोटांनी माती उकरली. आत बी होतं, फुगलेलं, मऊ, दाबलं तर पांढरं पाणी निघायचं आणि कुजका वास यायचा. दहा ठिकाणी उकरलं, दहाही ठिकाणी तेच. तो उकिडवा बसून राहिला. पिशवी कुणी विकली, कुणी भरली, ती नावं मी इथं घेणार नाही. तक्रार झाली, पंचनामा झाला, पुढं काही झालं नाही. पण कुठल्यातरी गोदामात एका माणसानं जुनं, मेलेलं सोयाबीन नव्या पिशवीत भरलं, हे खरं. त्याला कुणी तसं करायला सांगितलं असेल. त्याला रोजचे तीनशे-चारशे रुपये मिळत असतील. त्यानं आमच्या भावाचा चेहरा कधी बघितलेला नाही. तो झाकोच. पण त्या खेपेला दुबार पेरणीसाठी भावजयीच्या पाटल्या गेल्या.

इस्पिकनं निदान खरं बी लुटायचा प्रयत्न केला. यानं खोटं बी दिलं. गुरुजींना मी विचारलं असतं की या दोघांत वाईट कोण, तर त्यांनी मलाच फळ्यापाशी उभं केलं असतं.

१९८३ हे साल माझ्या डोक्यात आणखी एका कारणानं बसलंय. ज्या वर्षी तोक्योत मिसुमीच्या हातात साळीची पिशवी चितारली जात होती, त्याच वर्षी चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड नावाच्या खेड्यात, दादाजी खोब्रागडे आपल्या भाताच्या बांधीत उभे होते. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. पेरलेलं वाण 'पटेल ३', आणि त्यात दोन-तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, पिवळसर. दुसऱ्या कुणी त्या बाकीच्या भाऱ्यात बांधल्या असत्या. दादाजींनी त्या बाजूला ठेवल्या, पुढच्या साली वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. काही वर्षांनी बारीक दाण्याचं, वासाचं, भरघोस उताऱ्याचं वाण तयार झालं. नाव काय द्यायचं? तेव्हा एचएमटीची मनगटी घड्याळं लोकप्रिय होती, म्हणून 'एचएमटी'. आज तुम्ही किराणा दुकानात एचएमटी तांदूळ मागता तो हाच. त्यांनी आणखीही वाणं शोधली. २०१० साली 'फोर्ब्ज'नं ग्रामीण भारतातल्या कर्तबगार माणसांत त्यांचं नाव घेतलं. पैसा आणि श्रेय मात्र दुसरीकडं गेलं, आणि ३ जून २०१८ ला ते वारले तेव्हा हातात फारसं काही नव्हतं. त्यांच्यावर कुणी बाण सोडला नाही. अनेक टेबलांवर, अनेक वर्षांत, अनेक लोकांनी प्रत्येकी थोडंथोडं घेतलं. त्यातल्या एकालाही आपण खलपुरुष आहोत असं वाटलं नसेल.

इथं बसलेल्या काही आई-वडिलांनी मघाशी मला बाजूला घेऊन विचारलं, की असली रक्तबंबाळ पुस्तकं पोरांनी वाचावीत का. माझं प्रामाणिक मत असं, की दहा वर्षांच्या लेकराच्या हातात हे पुस्तक देऊ नये. चित्रं भयानक आहेत आणि मरणाची सवय होणं चांगलं नाही. सवय झाली की मिसुमीचं मरणही इतर मरणांसारखंच वाटायला लागतं. पण भाच्यासारखी मोठी पोरं ते वाचणारच आहेत. त्यांच्या हातातून मोबाईल काढून घेतलात, तर गुरुजींसारखा एक रात्र स्वतः वाचा आणि सकाळी परत द्या, त्यांच्या प्रश्नासकट. मी भाच्याला तो प्रश्न विचारला. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, इस्पिकला ठाऊकच नव्हतं ना ते बी हाय म्हणून?" मी म्हणालो, म्हाताऱ्याला विचारायचं होतं. तो म्हणाला, "विचारलं असतं तं मग टोळीवाला कसला?"

'होकुतो' म्हणजे सप्तर्षी. नायकाच्या छातीवर सात व्रण आहेत, आकाशातल्या सात ताऱ्यांसारखे मांडलेले. आणि 'केन' म्हणजे मूठ. सप्तर्षींची मूठ. मारायची, आवळलेली मूठ असाच तिथं अर्थ आहे आणि शेकडो पानांवर ती तशीच दिसते. पण आपल्याला मूठ म्हटलं की आधी चाडं आठवतं. तिफणीमागं चालणारी बाई, ओच्यात बी, चाड्यावर धरलेली मूठ, आणि बोटांच्या फटीतून नळ्यांमधे सारख्या गतीनं सुटणारे दाणे. ती मूठ फार आवळली तर तासात खाडे पडतात, फार सैल सोडली तर दाट होतं. आमच्या आईची मूठ गावात नावाजलेली होती.

त्या प्रकरणाच्या शेवटी केन्शिरो म्हाताऱ्याला पुरतो. मग मातीच्या त्या ढिगावर तो साळीचं बी पसरतो. सोबतचं लेकरू विचारतं, अशा जागी हे उगवेल का? तो सांगतो, उगवेल, कारण खाली तो म्हातारा आहे. सातशेआठ जागा जाणणारी ती मूठ त्या पानावर उघडलेली आहे. मला शेती येते, मला माहीत आहे की कोरड्या वाळूत, पाण्याशिवाय, वर टाकलेली साळ उगवत नाही. तरी त्या पानावर मी भांडलो नाही.

गुरुजी मात्र भांडले असते. "उगवेल असं म्हणून चालत नाही, मोजून बघायचं," असं ते म्हणाले असते. दर वैशाखात शाळा सुटायच्या आधी ते आम्हाला घरून बी आणायला लावायचे. गोणपाटाचा तुकडा भिजवायचा, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, वर दुसरा तुकडा टाकायचा, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. सातव्या दिवशी गुंडाळी उलगडायची. सत्तरच्या वर कोंब असले तर पेरायचं, कमी असले तर बापाला जाऊन सांगायचं. मार्कांना तो विषय नव्हता. सोयाबीन कुजलं त्या वर्षापासून माझा चुलतभाऊ पुन्हा तसं करायला लागलाय. गेल्या मे महिन्यात मी इथं आलो तेव्हा त्याची धाकटी पोरगी पडवीत गोणपाट उलगडून बसली होती. घरच्याच ज्वारीचं बी होतं, पिवळी, गाडग्यातली. मी मधे बोललो तर तिनं हातानं गप्प बसायची खूण केली. एक एक कोंब बोटानं बाजूला सारत ती मोजत होती. दोनदा मोजलं. मग वर बघून म्हणाली, "ब्याऐंशी."